७८ च्या तबकड्या: दुर्लक्षित गाणं नीट ऐकायचं कसं आणि सुरुवात कुठून करायची

तबकडीखोर

नाट्यसंगीताच्या गप्पांत दर दोन महिन्यांनी तोच शेरा येतो: मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डमध्ये सगळे नाकात गातात, डग्गा ऐकूच येत नाही, शब्द कळत नाहीत, आणि तीन मिनिटांत कसला आलाय राग. मग चर्चा बालगंधर्वांच्या दोन-तीन पदांवर येऊन थांबते आणि बाकीचा ढीग तसाच पडून राहतो. माझ्या मते या ढिगातलं बरंचसं गाणं मागे पडलं ते वाईट वाजवलं गेल्यामुळे. चुकीच्या वेगाने आणि चुकीच्या पिनेने वाजवलेली तबकडी कोणीतरी नेटवर चढवतो, दुसरा तिच्यावर नॉइज रिडक्शनचा रंधा फिरवतो, आणि तीच प्रत दहा ठिकाणी फिरते. ऐकणाऱ्याला वाटतं गायकच तसा होता.

थोडी पार्श्वभूमी. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहरजानचं ध्वनिमुद्रण करत होता तेव्हा माईक नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचं, त्या हवेच्या दाबाने पडदा हलायचा आणि सुई मेणावर चर कापायची. यात साधारण २०० ते २५०० हर्ट्झ एवढीच पट्टी नीट उतरते. डग्ग्याचा मुख्य नाद त्याच्या खाली आणि स-श-च वर्णांची धार त्याच्या वर, म्हणून दोन्ही जातात. विजेचं, म्हणजे माईकचं, ध्वनिमुद्रण पाश्चात्त्य देशांत १९२५ ला सुरू झालं, आपल्याकडे त्यानंतर दोन-तीन वर्षांत रुळलं. तेव्हा पहिला प्रश्न कायम हा विचारायचा: समोरची तबकडी कर्ण्याची की माईकची? केशवराव भोसले १९२१ च्या ऑक्टोबरात गेले, म्हणजे त्यांचं जे काही ऐकाल ते कर्ण्यातूनच आलेलं. मास्टर दीनानाथ १९४२ पर्यंत होते, त्यांच्या बाबतीत दोन्ही शक्यता आहेत.

या धाग्यात दोन्ही गोष्टी येऊ द्या: काय ऐकावं आणि कसं वाजवावं.

शंकासूर

वाजवण्याचं सोडा, आधी नावं टाका. आणि कृपया बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, केसरबाई सोडून.

तबकडीखोर

सुंदराबाई जाधव, पुण्याच्या. 'एकच प्याला' (१९१९) च्या पदांना ज्या चाली बालगंधर्वांनी गाजवल्या, त्यांतल्या बऱ्याच सुंदराबाईंकडून आलेल्या. लावणी, ठुमरी, गझल या सगळ्यांत बाई सहज फिरायच्या, आणि त्यांच्या स्वतःच्या तबकड्या आहेत. प्रभातच्या 'माणूस' (१९३९) मध्ये नायकाची आई म्हणून त्या पडद्यावरही दिसतात. ऐकताना एक करा: आधी सुंदराबाईंची लावणी, लगेच मागून बालगंधर्वांचं 'एकच प्याला'मधलं एखादं पद. शब्द सोडून आधी मागे ओढायचा आणि मग समेवर अलगद टाकायचा ती लकब कुठून आली ते कोणी सांगावं लागत नाही.

दुसरे मास्तर कृष्णराव, भास्करबुवांचे शिष्य. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांची तबकडी नाही. ज्यांना भास्करबुवांचं गाणं कसं असेल याची उत्सुकता आहे त्यांनी कृष्णरावांच्या तिसाव्या दशकातल्या रागदारीच्या तबकड्या काढाव्यात. तीन मिनिटांत अस्ताई, अंतरा, बोलताना, मग एकदम लयीशी खेळ, आणि शेवटी पाच सेकंद शिल्लक. घाई कुठेही वाटत नाही.

घाटावरची

वझेबुवा कसे विसरलात! रामकृष्णबुवा वझ्यांच्या तबकड्या म्हणजे अनवट रागांची खाणच. आवाज खडबडीत आहे, गोडवा शोधायला जाल तर निराश व्हाल. पण बंदिश पहिल्याच ओळीत उभी करायची पद्धत ऐका. 'रणदुंदुभि' नाटकाच्या चाली त्यांच्याच, आणि त्या मा. दीनानाथांनी गायल्या. दीनानाथ आज लोकांना आडनावामुळे माहीत आहेत, आवाजामुळे नाहीत, हे मात्र वाईट वाटतं. 'परवशता पाश दैवे' एकदा बऱ्या प्रतीवरून ऐका. तान सुटते ती तुटक, टोकदार, दाणा न् दाणा वेगळा. आणि नॉइज रिडक्शनने सगळ्यात आधी मरतात ते हेच दाणे.

शंकासूर

भाऊराव कोल्हटकरांची कुठे मिळेल?

मॅट्रिक्स_नंबर

कुठेच नाही. भाऊराव १९०१ ला गेले, गैसबर्ग आला १९०२ ला. कोणी 'भाऊरावांची दुर्मिळ रेकॉर्ड' म्हणून विकत असेल तर हात जोडा आणि पुढे व्हा. अल्लादिया खाँसाहेबांचंही तेच: ते १९४६ पर्यंत होते, पण तबकडी दिली नाही.

बंड्या_न्यूजर्सी

केसरबाईंना यादीतून काढलंत ते ठीक. ज्यांचं 'जात कहाँ हो' १९७७ साली व्हॉयेजर यानावर बसून सूर्यमालेबाहेर जायला निघालं, त्यांना दुर्लक्षित म्हणायला तोंड नाही. पण तीच एक भैरवी सगळ्यांना माहीत आहे, बाकीच्या तबकड्या कोणी काढत नाही. मोगूबाई कुर्डीकरांचं त्याहून वाईट, त्यांची ओळखच 'किशोरीताई आमोणकरांच्या आई'.

माझा प्रश्न तांत्रिक आहे. इथे ७८ चा वेग असलेला बरा टर्नटेबल घेतला आहे. पिन कुठली लावू? एलपीची (नंतरच्या, ३३ फेऱ्यांच्या तबकडीची) लावून पाहिली तर नुसती खरखर.

पिनबदलू

अपेक्षित आहे. एलपीच्या पिनेच्या टोकाची त्रिज्या साधारण ०.७ मिल, म्हणजे १८ मायक्रॉन. ७८ चा चर त्यापेक्षा खूप रुंद, त्याला ३ मिल, म्हणजे ७६ मायक्रॉनच्या आसपासची पिन लागते. एलपीची पिन चराच्या भिंतींना टेकतच नाही, तळाशी साचलेल्या धुळीत आणि झिजेच्या चुऱ्यात लोळते. गाणं भिंतींवर आहे, खरखर तळाशी. म्हणून तुम्हाला फक्त खरखर मिळाली. वर एलपीची पिन खराब होते ती वेगळीच.

कार्ट्रिज (पिन बसते तो भाग) मूव्हिंग मॅग्नेट प्रकारचं असेल तर त्याच कंपनीची ७८ ची पिन वेगळी मिळते का ते पाहा, बहुतेक नेहमीच्या मॉडेलना मिळते. भार ३ ते ५ ग्रॅम. एलपीसारखा दीड-दोन ग्रॅम ठेवलात तर पिन जोरकस तानेवर उडेल. तुमच्याकडे साठ-सत्तरच्या दशकातला घरगुती रेकॉर्ड प्लेअर असेल तर कार्ट्रिजला उलटसुलट फिरणारी छोटी कळ असते, एका बाजूला ७८ लिहिलेलं. लोक ती फिरवायलाच विसरतात.

फार वाजलेल्या तबकडीला ३ मिल सोडून २.५ किंवा ३.५ लावून पाहा. जुन्या पोलादी पिनेने भिंत एका विशिष्ट उंचीवर घासलेली असते. थोडी लहान किंवा मोठी पिन न घासलेल्या पट्ट्यावर बसते आणि आवाज एकदम उजळतो. हा फरक कुठल्याही सॉफ्टवेअरने मिळणार नाही.

जुनाबाजार

आणि चावीच्या ग्रामोफोनवाल्यांसाठी: पोलादी सुई एका बाजूला एकदाच. पत्र्याच्या डबीत दोनशे सुया यायच्या त्या उगाच नाही. तबकडीत लाखेबरोबर दगडाची बारीक पूड आणि काजळी असते. ती पूडच सुईला घासून चराच्या आकाराची करते. त्या घासलेल्या सुईला आता दोन धारदार कडा असतात, तीच दुसऱ्या तबकडीला लावलीत तर रंध्यासारखी चालते. साउंड बॉक्सचं (सुई बसते त्या गोल डबीचं) ओझं शंभर ग्रॅमच्या वर. तबकडी राखाडी दिसते ना, ती याचमुळे. आणि चुकूनही त्यावर एलपी ठेवू नका, एका फेरीत संपेल.

घाटावरची

धुवायचं कसं? कोकणातल्या घरातून आलेल्या तबकड्यांवर पांढरी बुरशी आहे. एलपी क्लीनर चालेल का? त्यात आयसोप्रोपिल आहे.

पिनबदलू

अजिबात नाही!! तबकडी लाखेची आहे. फ्रेंच पॉलिशवाला चपडा लाख कशात विरघळवतो? स्पिरिटमध्येच. अल्कोहोल लावलंत की चराच्या कडा बसतात, चकाकी जाते, आणि ते परत येत नाही.

एक लिटर डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीचं चालेल), त्यात सौम्य भांड्याच्या लिक्विडचे तीन-चार थेंब. जास्त नको, फेस चरात राहतो आणि वाळला की तोच पिनेला चिकटतो. पाणी कोमट सुद्धा नको, साधं. तबकडी बादलीत बुडवायची नाही: लेबल कागदाचं आहे, आणि काही कंपन्यांच्या तबकड्यांच्या पोटात पुठ्ठ्यासारखा थर असतो, कडेच्या चिरेतून पाणी गेलं की फुगतो. टेबलावर जाड टॉवेल, त्यावर तबकडी, लेबलवर प्लॅस्टिकचं झाकण दाबून धरा. मऊ ब्रश चराच्या दिशेने, गोल गोल. आडवा कधीच नाही. बुरशी असेल तर द्रावण एक-दोन मिनिटं राहू द्या, दहा नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खळखळून, मायक्रोफायबरने टिपून, भांड्यांच्या स्टँडमध्ये उभी करून रात्रभर. हेअर ड्रायर आणि ऊन दोन्ही वर्ज्य, तबकडी वाकते.

आणि जुनं पाकीट परत वापरू नका. बुरशी कागदात असते, तबकडीवर ती परत येते.

जुनाबाजार

विकत घेताना: पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात वाजवून दाखवायची सोय असेलच असं नाही. मधल्या भोकात बोट घालून तबकडी लोंबती धरा आणि कडेवर नखाने टिचकी मारा. टण्ण वाजली तर अखंड, खट्ट वाजली तर कुठेतरी केसासारखी चीर आहे, दिसो वा ना दिसो. मग उजेडात तिरकी धरा. काळी चकचकीत उत्तम, जोरकस जागी राखाडी पट्टे म्हणजे ताना गेलेल्या. चीर वाजताना ओळखू येते: ७८ भागिले ६०, म्हणजे सेकंदाला १.३ वेळा ठोका. तेवढ्या नियमाने टक-टक आली की चीर, वेडीवाकडी आली की घाण.

नेताना उभ्या. दहा इंची तबकडी साधारण दोनशे ग्रॅमची, पन्नासांचं खोकं दहा किलोचं. आडवी रास रचलीत तर खालच्या दोन-तीन गेल्याच म्हणून समजा.

बंड्या_न्यूजर्सी

३ मिलची पिन आली. फरक अक्षरशः पडदा उघडल्यासारखा. पण आता आवाज डबक्यातून आल्यासारखा येतो. खालून घुंं आणि वरची धार नाही.

पिनबदलू

तुमच्या प्रीअँपमधला (टर्नटेबलचा बारीक आवाज वाढवणाऱ्या डब्यातला) आरआयएए. १९५४ च्या सुमारास एलपीसाठी हा इक्वलायझेशनचा वक्र ठरला: कापताना खर्ज दाबायचा आणि तार वाढवायचा, वाजवताना उलट. प्रत्येक फोनो प्रीअँप ते उलटं काम आपोआप करतो. पण तुमची तबकडी कापताना तार वाढवलेलाच नव्हता. मग १०० हर्ट्झला १३ डेसिबल फुकट वाढतात, ती घरघर. ३००० ला जवळजवळ ५ आणि १०,००० ला १३.७ डेसिबल कापले जातात, ती गेलेली धार.

कर्ण्याच्या तबकडीला कुठलाच वक्र नको, सपाट. माईकच्या सुरुवातीच्या एचएमव्ही तबकड्यांना खाली साधारण २५० ते ३०० हर्ट्झपासून खर्ज भरून द्यायचा, वर सपाट.

दोन मार्ग. आरआयएए बंद करता येणारा प्रीअँप घ्या, किंवा आहे त्यातूनच कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरच्या फिल्टर कर्व्हमध्ये आरआयएए निवडून तो उलटा करा. की झाला सपाट. मग हवा तो वक्र द्या.

शंकासूर

माझ्या टर्नटेबलला ७८ नाही. ४५ वर वाजवून कॉम्प्युटरवर वेग वाढवला तर?

पिनबदलू

चालतं, वाकड्या तबकडीला तर उलट बरंच, पिन उडत नाही. ७८ भागिले ४५, म्हणजे १.७३३ पट. पण क्रम महत्त्वाचा. आरआयएए उलटवायचं काम वेग वाढवण्याच्या *आधी*. प्रीअँपने तो वक्र ४५ वर वाजताना लावलाय. आधी वेग वाढवलात तर १००० हर्ट्झला लागलेली गोष्ट १७३३ ला जाऊन बसते आणि मग उलटवलेला वक्र तिच्यावर बसत नाही. नेटवरच्या पुष्कळ प्रती इथेच बिघडल्यात. ऐकताना 'काहीतरी चुकतंय' वाटतं पण काय ते कळत नाही.

स्टिरिओतच रेकॉर्ड करा, तबकडी मोनो असली तरी. ७८ चा चर आडवा हलतो, दोन्ही भिंतींवर तेच गाणं आहे. डावं-उजवं बेरीज केलीत की उभ्या हालचालीची खरखर एकमेकांत मरते. कधी एकच भिंत घासलेली असते, तेव्हा बेरजेपेक्षा नुसता डावा किंवा नुसता उजवा सरस ठरतो. तिन्ही ऐकून ठरवा. बेरीज केल्यावर आवाजच नाहीसा झाला तर एका वाहिनीच्या तारा उलट्या आहेत. (किंवा हाती पाथे कंपनीची जुनी तबकडी लागलीय. तिचा चर वर-खाली कापलेला असतो, तिथे बेरीज नाही, वजाबाकी.)

२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. सव्वातीन मिनिटांची बाजू ११० एमबीच्या आसपास होते, फ्लॅक (काहीही न गमावता आवळलेली फाइल) केलीत की बरीच कमी. शिखर उणे ६ ते उणे १० डेसिबलवर ठेवा, कारण सगळ्यात मोठा आवाज गायकाचा नसतो, ठोक्याचा असतो. ही कच्ची फाइल कायमची ठेवायची, तिला हात लावायचा नाही. साफसफाई प्रतीवर. आधी क्लिक काढा, मग नॉइज, आणि नॉइज ६ डेसिबलच्या पुढे नेऊ नका. पेटीचा भाता आणि तंबोऱ्याची जवार याच खरखरीत मिसळलेली असते. १२-१५ डेसिबल काढलेत की गायक विहिरीत उतरतो.

घाटावरची

खरखर थोडी राहू द्या हेच बरं. दोन मिनिटांत कान तिला विसरतो. विहिरीतल्या गायकाला नाही विसरत.

मॅट्रिक्स_नंबर

आता वेगाचं बोलू, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त अन्याय तिथेच झालाय. लेबलवर ७८ असलं, नसलं, कर्ण्याच्या जमान्यात मशीन प्रत्यक्षात ७० पासून ८० च्या वर कुठेही फिरायचं. साधारण ६ टक्के फरक म्हणजे अख्खा अर्धा स्वर. ७८ ची तबकडी ८२.६ वर वाजली की काळी एकची पांढरी दोन झाली. ७३.६ वर कापलेली तबकडी तुम्ही ७८ वर वाजवलीत तर गायक अर्धा स्वर वर चढतो, आवाज पातळ होतो, मींड आखडते, आणि ३ मिनिटं २७ सेकंदांचं गाणं ३:१५ मध्ये उरकतं. 'नाकात गातात' यातला निम्मा भाग हा.

ठरवायचं कसं? पेटी साथीला असेल तर षड्ज कुठल्या पट्टीवर येतो ते पाहा. दोन पट्ट्यांच्या अधेमधे लोंबकळत असेल तर वेगावर संशय घ्या. पण हे टोकाला नेऊ नका, तेव्हाच्या पेट्या ४४० ला लावलेल्या असतीलच असं नाही. त्याच गायकाच्या त्याच बैठकीतल्या दोन-चार तबकड्या असतील (मॅट्रिक्स नंबर, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा क्रमांक, लागोपाठ असतो, लेबलजवळच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला) तर सगळ्यांना एकच षड्ज मिळेल असा वेग शोधा.

आणि सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे शेवटची घोषणा. गौहरजान गाणं संपताच इंग्रजीत आपलं नाव सांगते, तशी तेव्हाची अनेक मंडळी सांगायची, कारण मेणाचा साचा जर्मनीला हॅनोव्हरला जायचा आणि तिथल्या माणसाला लेबलवर काय छापायचं ते कळायला हवं. गाण्याचा आवाज फसवतो. बोलण्याचा नाही. बोलणं पोपटासारखं आलं तर वेग कमी करा, गुंगीत आल्यासारखं वाटलं तर वाढवा. लोक अपलोड करताना ती घोषणा 'अनावश्यक' म्हणून कापतात. कृपया कापू नका.

तबकडीखोर

यावरून आग्र्याच्या जोहराबाई. १९०८ ते १९११ मधल्या तबकड्या, १९१३ ला बाई गेल्या. सगळं कर्ण्यातलं. वेग नीट लावला की कळतं की आवाज किती भरदार आणि मर्दानी होता, पुढच्या मोठमोठ्या खाँसाहेबांना त्यांचं आकर्षण का वाटलं ते. वेग चुकला की त्याच बाई चिरक्या वाटतात.

मराठीत परत येतो. भावगीतवाल्यांसाठी: ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' जी. एन. जोशींच्या आवाजात पुष्कळांनी ऐकलीय, पण जे. एल. रानडे किती जणांनी? शास्त्रोक्त बैठकीचा गळा आणि शब्द मात्र कवितेसारखे सुटे. जोशी पुढे एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचं काम पाहायला लागले. त्यांचं 'स्वरगंगेच्या तीरी' हे पुस्तक मिळालं तर सोडू नका, काचेच्या आतल्या बाजूने हे सगळं कसं दिसायचं ते त्यात आहे.

जुनाबाजार

'यंग इंडिया' लेबलही बघत जा. मुंबईची स्वदेशी कंपनी, १९३५ च्या सुमारास निघालेली, वडाळ्याला कारखाना. मोठी नावं एचएमव्ही-ओडियनने बांधून ठेवलेली, म्हणून यांनी नवख्यांना घेतलं. दर्जा वरखाली. दहातल्या सात तबकड्या सोडून द्याव्यात अशा, पण उरलेल्या तिनांसाठी अख्खा गठ्ठा घ्यावा. भाव कमी असतो कारण कुत्रा नाही लेबलवर.

शंकासूर

सिनेमाची गाणी नाही का घ्यायची? प्रभातची?

मॅट्रिक्स_नंबर

घ्या, पण एक लक्षात ठेवा. तिसाव्या दशकात पुष्कळदा पडद्यावरचं गाणं आणि तबकडीवरचं गाणं वेगळं असायचं. तबकडीसाठी स्टुडिओत परत गाऊन सव्वातीन मिनिटांत बसवलेलं. कडवं गळतं, कधी वाद्यमेळ बदलतो. केशवराव भोळे आणि मास्तर कृष्णराव यांची गाणी दोन्ही रूपांत ऐकली की संगीतकार वेळेशी कसा भांडतो ते दिसतं. फक्त तबकडी ऐकून 'प्रभातचं गाणं असं होतं' म्हणू नका.

कोणाला क्रमांकांवरून तारखा लावायच्या असतील तर मायकेल किनियरचं १८९९ ते १९०८ च्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची देणारं पुस्तक (मुंबई, १९९४) आहे. आणि सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या 'द रेकॉर्ड न्यूज'चे जुने अंक. लेबलवर 'ग्रामोफोन अँड टाइपरायटर' असं नाव असेल तर तबकडी १९०७ च्या अलीकडची नाही, एवढं तर कोणालाही ओळखता येतं.

बंड्या_न्यूजर्सी

वेग मोजायला स्ट्रोबची चकती छापून घेतली, ९२ रेघांची (वेग बरोबर असला की लुकलुकत्या दिव्याखाली रेघा स्थिर दिसतात). इथे ट्यूबखाली ७८ ला मस्त उभी राहते. तीच फाइल पुण्याला भावाला पाठवली तर त्याच्याकडे रेघा पळतातच, तो वेग कमी करत करत पार ६५ पर्यंत गेला.

पिनबदलू

अहो, भारतात वीज ५० हर्ट्झची. दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, तिकडे १२०. ९२ रेघा ६० हर्ट्झसाठी. ५० ला त्या ६५.२ वर उभ्या राहणार, भावाने बरोबरच केलं बिचाऱ्याने. त्याला ७७ रेघांची चकती द्या. ६००० भागिले ७७, म्हणजे ७७.९२. पुरे.

बंड्या_न्यूजर्सी

७७ ची दिली. आता रेघा दिसतच नाहीत, नुसता राखाडी पट्टा.

पिनबदलू

एलईडी बल्ब असणार, किंवा इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूब. त्या १०० च्या हिशेबात लुकलुकत नाहीत. जुन्या तांब्याच्या चोकची ट्यूब नसेल तर खोली अंधारी करून जुन्या एक्स्टेंशन बोर्डाचा लाल निऑन इंडिकेटर चकतीशेजारी धरायला सांगा. नव्या बोर्डात तिथेही एलईडी असतो, तेव्हा बोर्ड जुना हवा. आणि चकती तबकडीवर ठेवून, पिन चरात टेकवून मोजायचं. पिनेच्या ओढीने वेग किंचित उतरतो.

बंड्या_न्यूजर्सी

भावाकडे निऑनखाली रेघा उभ्या राहिल्या. पिन टेकवल्यावर हळूच मागे सरकायला लागल्या होत्या, त्याने स्क्रू पाव फेरा फिरवला. तबकडी वझेबुवांची. षड्ज आता पट्टीवर बसतोय, भाऊ पेटी घेऊन टर्नटेबलशेजारीच बसलाय.